आपला माणूस हरल्यावर

१०,७०४. मिशिगनमध्ये राहणाऱ्या आणि राजकारणात थोडाफार रस असणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं, तरी हा आकडा सांगता येतो. २०१६च्या नोव्हेंबरात डोनाल्ड ट्रम्प इथं हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा इतक्या मतांनी पुढे राहिले. एकूण मतं पडली होती सुमारे ४८ लाख. ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना त्यातली ५१ हजारांवर मिळाली. आणि जवळपास ७५ हजार मतपत्रिका अशा निघाल्या, की मतदारानं बाकीचे रकाने भरले आणि राष्ट्राध्यक्षपदाचा रकाना मात्र कोरा ठेवला. त्या कोऱ्या रकान्यांचा मी फार विचार केला आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये ह्याच राज्यानं डेमोक्रॅटिक प्रायमरीत बर्नी सँडर्स यांना निवडलं होतं. चाचण्या क्लिंटन यांना भलीमोठी आघाडी देत होत्या. सँडर्स दीड टक्क्यानं जिंकले. मीही त्यांनाच मत दिलं होतं. नोव्हेंबरात मी क्लिंटन यांना दिलं, आणि देताना हात अडखळला नाही. माझ्या ओळखीतल्या काहींचा अडखळला, काहींचा थांबलाच. तेव्हापासून आम्ही ह्या एकाच प्रश्नावर भांडत आलो आहोत: प्रायमरीत आपला माणूस हरला, की जो जिंकला त्याच्यामागे उभं राहायचं का?

माझं उत्तर, राहायचं. चुरशीच्या राज्यात तर राहायचंच. पण हे उत्तर आपल्याकडून ज्या सुरात मागितलं जातं, आणि ज्यांच्याकडून कधीच मागितलं जात नाही, त्याबद्दल मला पक्षाशीही भांडायचं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे तिकीट वरून येतं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला तरी एबी फॉर्म कुणाच्या हाती पडणार हे भल्याभल्यांना माहीत नसतं. ज्याचं तिकीट कापलं जातं तो अपक्ष उभा राहतो आणि कार्यकर्ते त्याच्यामागे जातात. माझ्या सांगलीत २०२४च्या लोकसभेला हेच घडलं. आघाडीत जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष लढले, निवडून आले आणि पुन्हा काँग्रेसच्याच बाजूला जाऊन बसले. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात. त्यासाठीच ती प्रायमरी. आणि बहुतेक राज्यांचे कायदे, मिशिगनचा धरून, प्रायमरीत हरलेल्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या दारानं मतपत्रिकेवर येऊ देत नाहीत. उमेदवाराचं बंड असं बहुतेक ठिकाणी कायद्यानं अडवलेलं आहे. मतदाराचं बंड अडवता येत नाही, कारण ते पडद्याआड होतं आणि त्याचा साक्षीदार कुणी नसतो.

म्हणूनच इथली निराशा वेगळी असते. वरच्यांनी अन्याय केला असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपण महिनोन्महिने लोकांची दारं ठोठावलेली असतात, घरखर्चातले पैसे पाठवलेले असतात, जेवणाच्या टेबलावर नवऱ्याशी वाद घातलेला असतो, आणि आपल्याच पक्षाच्या, आपल्याच गल्लीतल्या लोकांनी आपल्याला नको म्हटलेलं असतं. अनोळखी माणसानं नाकारल्यापेक्षा हे जास्त लागतं.

त्या सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला एका काकूंनी मला पंगतीत गाठलं. वर्षानुवर्षं क्लिंटन यांच्या पाठीराख्या, फार कष्टाळू बाई, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. म्हणाल्या, "अगं, हरलं ना तुमचं माणूस? मग आता गप तिला मत द्या सगळ्यांनी." मत मी देणारच होते. पण तो 'गप' मला दिवसभर टोचत राहिला. मी तर ठरवून बसले होते. जो ठरवून बसलेला नाही, ज्याचा राग अजून ओला आहे, त्याला हे ऐकून काय वाटेल? दोन महिन्यांपूर्वीच पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे ईमेल विकिलीक्सनं उघड केले होते, तिथले काही अधिकारी सँडर्स यांच्याविषयी काय लिहीत होते ते जगानं वाचलं होतं, आणि अध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाच्या तोंडावर पद सोडावं लागलं होतं. ज्यांना आपण फसवलो गेलो असं वाटतं, त्यांना गप म्हणून एकजूट होत नाही.

नंतर पाहण्या झाल्या. एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत असं निघालं, की प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के लोक नोव्हेंबरात ट्रम्प यांच्याकडे गेले. हा आकडा आमच्या तोंडावर इतक्यांदा फेकला गेला, की त्याचं दुसरं अंग कुणी पाहिलंच नाही. २००८ साली प्रायमरीत ओबामांकडून हरलेल्या हिलरी क्लिंटन यांच्या मतदारांतले जे रिपब्लिकन जॉन मॅकेन यांच्याकडे गेले, त्यांचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत ह्याहून जास्तच आलं होतं. ओबामा जिंकले म्हणून ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, एवढंच. शिवाय मिशिगनमध्ये मतदार पक्षाच्या नावानं नोंदलेला नसतो. प्रायमरीच्या दिवशी ज्या पक्षाची मतपत्रिका मागाल ती मिळते. त्या १२ टक्क्यांतले कित्येक मुळात डेमोक्रॅट नव्हतेच. एका माणसासाठी आले होते, तो गेल्यावर आपल्या वाटेनं गेले. त्यांना गद्दार म्हणायला ते आधी आपले असावे लागतात.

आता मी जे उत्तर दिलं, ते का, हे सांगते. त्यासाठी १९६८ सालाकडे जावं लागेल, कारण निराश मतदाराचं म्हणणं इतकं न्याय्य दुसऱ्या कुठल्याच वर्षी नव्हतं.

१२ मार्च १९६८, न्यू हॅम्पशर. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभे राहिलेले मिनेसोटाचे सेनेटर यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं पडली. स्वतः राष्ट्राध्यक्ष असलेल्या लिंडन जॉन्सन यांना ४९. कॉलेजची पोरं दाढ्या काढून, केस कापून, बर्फातून घरोघर फिरली होती, की म्हाताऱ्यांना भीती वाटू नये. महिनाअखेर जॉन्सन यांनी पुन्हा न लढण्याची घोषणा केली. मग रॉबर्ट केनेडी मैदानात जोर धरू लागले आणि जूनमध्ये, कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्री, लॉस एंजेलिसच्या हॉटेलात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनानं उमेदवारी दिली उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. त्या काळी अधिवेशनात मत देणारे बहुतेक प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, पक्षाचे राज्यातले पुढारीच ठरवत. युद्ध थांबवण्याचा ठराव अधिवेशनानं फेटाळला, आणि शहरात मिशिगन ॲव्हेन्यूवर, हिल्टन हॉटेलसमोर, पोलिसांनी तरुण मुलांना लाठ्यांनी झोडपलं. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं.

त्या मुलांपैकी कुणी मला म्हणालं असतं, की ह्या माणसाला मी मत देणार नाही, तर माझ्याजवळ त्याला गप करणारं काहीही नसतं. त्यांनी नियम पाळून प्रायमऱ्या लढवल्या होत्या, आणि नियमच असे होते की त्या जिंकून उपयोग नव्हता.

पण हम्फ्री कोण होते? तेही मिनेसोटाचेच. १९४८ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, मिनियापोलिसचे महापौर असताना ते पक्षाच्या अधिवेशनात उभे राहिले आणि काळ्या नागरिकांच्या हक्कांचा ठराव मंजूर व्हावा म्हणून असं बोलले, की तो मंजूर झाला आणि दक्षिणेतले काही डेलिगेट सभागृह सोडून गेले. १९६४चा नागरी हक्क कायदा सेनेटमध्ये पार पाडायची जबाबदारी त्यांच्यावर होती. विरोधकांनी दोन महिन्यांहून जास्त भाषणं करून तो अडवला तरी त्यांनी सोडला नाही. व्हिएतनामवर ते जॉन्सन यांच्या मागे फरफटत गेले, हे खरं. उरलेला सगळा माणूसही तेवढाच खरा होता, आणि त्या उन्हाळ्यात तो कुणाला दिसत नव्हता.

सप्टेंबरात गॅलपच्या चाचणीत ते रिपब्लिकन रिचर्ड निक्सन यांच्या सुमारे १५ टक्के मागे होते. जातील तिथं युद्धविरोधी तरुण त्यांची सभा उधळत. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीहून केलेल्या भाषणात हम्फ्री यांनी पहिल्यांदा जॉन्सन यांच्यापासून अंतर घेतलं: शांततेसाठी उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवायची जोखीम मी घेईन, असं सांगितलं. त्यानंतर सभांतला आरडाओरडा ओसरला, पैसे येऊ लागले, अंतर कमी होत गेलं. म्हणजे पाठिंबा रोखून धरल्याचा उपयोग झाला. मला हे मान्य करायला अजिबात संकोच नाही. त्या मुलांनी सप्टेंबरपर्यंत निमूटपणे टाळ्या वाजवल्या असत्या तर ते भाषण झालंच नसतं.

पण मॅकार्थी यांनी पाठिंबा जाहीर केला २९ ऑक्टोबरला. मतदान ५ नोव्हेंबरला. आणि केला तोही असा, जणू उपकार करतो आहोत. निक्सन यांना ४३.४ टक्के मतं मिळाली, हम्फ्री यांना ४२.७. सव्वासात कोटींहून जास्त मतांत फरक सुमारे पाच लाखांचा. सगळा दोष युद्धविरोधकांच्या माथी मारणं चूक ठरेल. तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी साडेतेरा टक्के मतं नेली होती आणि त्यातली अनेक एरवी डेमोक्रॅटिक पक्षाची होती. तरी इतक्या थोड्या फरकाच्या निवडणुकीत घरी बसलेल्या प्रत्येकाचं वजन पडतंच. युद्ध त्यानंतर आणखी चार वर्षं चाललं. त्यात मेलेल्या ५८ हजारांवर अमेरिकन सैनिकांपैकी २० हजारांहून जास्त निक्सन आल्यानंतर मेले. व्हिएतनामी किती, त्यांची तर कुणी नीट मोजणीही केली नाही.

आणि तो परिणाम तिथंच थांबला नाही. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट, कारण ती मी राहते तिथली आहे.

निक्सन यांनी पहिल्याच कार्यकाळात सर्वोच्च न्यायालयावर चार न्यायमूर्ती नेमले. १९७४ साली त्या न्यायालयासमोर डेट्रॉइटचा खटला आला, मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली. शहरातल्या शाळांत मुख्यतः काळी मुलं, आणि भोवतालच्या उपनगरांतल्या शाळांत जवळजवळ सगळी गोरी. खालच्या न्यायालयानं ५३ उपनगरी शाळा-जिल्हे धरून मुलं एकत्र शिकवायची योजना करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ती ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली: उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध होत नाही, तोवर त्यांना ह्यात ओढता येणार नाही. त्या पाचांत निक्सन यांनी नेमलेले चारही होते. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्रात बजावलं, की आपल्या महानगरांची दोन शहरं होऊ देणं, एक गोरं आणि एक काळं, हे आज सोपं वाटेल, पण पुढे लोकांना ह्याचा पश्चात्ताप होईल.

माझी मुलं त्या रेषेच्या ह्या बाजूच्या शाळेत शिकली. उत्तम ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, संगीताचे वर्ग. ह्या शाळांसाठीच आमची माणसं ह्या उपनगरांत घरं घेतात. आणि अर्ध्या तासावर, शहराच्या हद्दीच्या आत, त्याच राज्यातल्या मुलांच्या वाट्याला काय येतं हे मी तिथं शिकवायला मदत करायला जायचे तेव्हा पाहिलं आहे. १९६८ साली व्हिएतनामचा राग मनात धरून घरी बसलेल्या एखाद्या तरुणाच्या डोक्यात डेट्रॉइटच्या शाळा कशाला येतील? त्याची लढाई खरी होती. पण त्याच्या न दिलेल्या मताची किंमत कुणीतरी भलत्यानंच, भलत्याच प्रश्नात, सहा वर्षांनी मोजली. हम्फ्री यांनी त्या जागांवर दुसरी माणसं नेमली असती, ह्याबद्दल त्यांचा १९४८पासूनचा इतिहास पाहता मला शंका नाही.

२०१६चंही तसंच झालं. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया वारले, सेनेटनं वर्षभर ती जागा रिकामी ठेवली, आणि ट्रम्प यांनी चार वर्षांत तीन न्यायमूर्ती नेमले. २४ जून २०२२ला गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. मिशिगनमध्ये १९३१चा जुना बंदीचा कायदा पुन्हा डोकं वर काढू लागला, आणि त्या नोव्हेंबरात आम्हाला राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून तो हक्क परत मिळवावा लागला. आम्ही मिळवला, शेजारच्या इंडियानातल्या बायकांना ती सोयही नव्हती. २०१६त 'दोघंही सारखेच' म्हणणाऱ्यांत पुरुष किती होते, हे मी तेव्हाही मनात टिपून ठेवलं होतं.

म्हणून मी म्हणते, मतपत्रिकेवर शिक्का मारताना आपण उमेदवाराला गुण देत नसतो. पुढची चार वर्षं कुणाच्या सह्या चालणार, एवढंच तिथं ठरतं. त्या सह्या ज्यांच्या अंगावर पडणार असतात ते बहुधा आपल्यापेक्षा दुबळे असतात. आपला रुसवा आपल्याला परवडतो, त्यांना परवडत नाही.

पण पाठिंबा देण्याआधी मागून घ्यायचा एक काळ असतो, आणि तो वाया घालवणं हाही गुन्हाच. प्रायमरी संपते तिथपासून अधिवेशनापर्यंत हरलेल्यांच्या हातात जेवढी ताकद असते तेवढी पुढे कधीच नसते. सँडर्स यांनी २०१६त १२ जुलैपर्यंत पाठिंबा जाहीर केला नाही, त्याबद्दल त्यांना खूप बोल लागले. पण तोवर किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याचं कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात आलं होतं, आणि वर्षाला सव्वा लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना राज्याच्या सरकारी कॉलेजात फी माफ, असं क्लिंटन यांनी मान्य केलं होतं. मग त्यांनी राज्याराज्यांत जाऊन क्लिंटन यांचा प्रचार केला. २०१८ साली पक्षानं नियमही बदलला: चुरस असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना, म्हणजे पदामुळे आपोआप डेलिगेट होणाऱ्या पुढाऱ्यांना, मत नाही. २०२०त बायडन शहाणे निघाले. सँडर्स यांनी ८ एप्रिलला माघार घेतली, १३ला पाठिंबा दिला, आणि दोघांच्या माणसांचे सहा कार्यगट बसले. हवामानाच्या गटाचं नेतृत्व जॉन केरी आणि अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांच्याकडे एकत्र दिलं. २०२२ला हवामानासाठीचा अमेरिकेतला आजवरचा सर्वांत मोठा खर्च मंजूर झाला. एकट्या कार्यगटामुळे तो झाला असं नाही, पण हरलेल्यांना टेबलाशी बोलावलं की काय होतं ते त्यातून दिसलं. १९६८च्या रागातूनही असंच काही निघालं होतं: पक्षानं नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगानं नियम बदलले, आणि १९७२पासून उमेदवार खरोखर प्रायमरीतून ठरू लागला. मी प्रायमरीत जे मत देते ते त्या लाठ्या खाल्लेल्या मुलांमुळे.

आणि मग येतं २०२४. इथं माझा आवाज मलाच कमी करावा लागतो.

फेब्रुवारीत मिशिगनच्या प्रायमरीत एक लाखावर लोकांनी बायडन यांच्याऐवजी 'अनकमिटेड', म्हणजे कुणालाच बांधील नाही, ह्या रकान्यावर खूण केली, गाझातल्या संहाराच्या निषेधात. माझ्या मैत्रिणीची लेक ॲन आर्बरला शिकत होती, तिनंही केली. जुलैत बायडन यांनी माघार घेतली, कमला हॅरिस एकाही प्रायमरीशिवाय उमेदवार झाल्या. ऑगस्टमध्ये शिकागोत अनकमिटेडच्या डेलिगेटांनी एकच मागितलं: व्यासपीठावरून एका पॅलेस्टिनी-अमेरिकन व्यक्तीला चार शब्द बोलू द्या. जॉर्जियाच्या आमदार रूवा रोमान तयार होत्या, भाषण लिहून ठेवलं होतं, त्यात हॅरिस यांना पाठिंबाही होता. पक्षानं नाही म्हटलं. डेलिगेट सभागृहाबाहेर रात्रभर फरशीवर बसून राहिले. त्या नकारानं पक्षाला काय मिळालं, हे आजवर मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

ऑक्टोबरात हॅरिस आमच्या रॉयल ओकला आल्या त्या लिझ चेनी यांना, म्हणजे इराक युद्धाच्या वेळचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या रिपब्लिकन मुलीला, सोबत घेऊन. डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नमध्ये आणि आसपास इराक युद्धामुळे देशोधडीला लागलेली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी चेनी ह्या नावाचा अर्थ काय, हे विचारायला कुणी गेलं नाही. महिनाअखेर बिल क्लिंटन मिशिगनमध्ये येऊन म्हणाले, की हमास नागरिकांच्या आड लपतं, त्यामुळे इस्राएलला नागरिक मारणं भाग पडतं. ज्यांच्या घरची माणसं मेली होती त्यांची मतं मागायला ते आले होते.

त्या दिवसांत मैत्रिणीच्या लेकीनं मला विचारलं, "मावशी, तू सांग, ज्या बाईच्या भावाचं घर त्या बॉम्बनं गेलं, तिला तू सुप्रीम कोर्टाची गोष्ट सांगशील?" नाही सांगणार. ज्याच्या घरी सुतक आहे त्याला हिशेब शिकवायला मी जाणार नाही. तो अधिकार मला नाही, आणि माझ्या मते कुणालाच नाही. पण तिला, त्या पोरीला, मी सांगितलं. तिच्या घरचं कुणी गेलं नव्हतं. तिच्याजवळ विचार करायला जागा होती. मी म्हटलं, अनकमिटेडच्या पुढाऱ्यांनी काय म्हटलं ते वाच. सप्टेंबरात त्यांनी जाहीर केलं होतं, की आम्ही हॅरिस यांना पाठिंबा देऊ शकत नाही, पण ट्रम्प येऊ नयेत, आणि त्यांना मदत होईल असं तिसऱ्या पक्षाला मतही देऊ नका. इतका जखमी माणूस इतकं तोलून बोलू शकतो, तर आपण का नाही? तिनं शेवटी काय केलं ते मी विचारलं नाही.

डिअरबॉर्नमध्ये २०२०त बायडन यांना जवळपास ६९ टक्के मतं होती. २०२४त हॅरिस यांना ३६ मिळाली, ट्रम्प यांना ४२, स्टाइन यांना १८. राज्य गेलं ८० हजारांच्या फरकानं. एकट्या डिअरबॉर्नमुळे गेलं नाही, आणि चुरशीची सातही राज्यं गेली. दुसऱ्या दिवशीपासून इथल्या काही डेमोक्रॅटांनी अरब शेजाऱ्यांबद्दल जे उद्गार काढले, 'आता भोगा' वगैरे, ते ऐकून मला लाज वाटली. मतं मागता आली नाहीत म्हणून मतदाराला शाप देणारा पक्ष पुढच्या वेळी कुठल्या तोंडानं दार ठोठावणार?

एकजुटीचा उपदेश नेहमी एकाच दिशेनं वाहतो, हे मला सगळ्यात खुपतं. डाव्या बाजूचा माणूस हरला की त्यानं मुकाट्यानं मागे उभं राहायचं. आणि जिंकला तर? २००६ला कनेक्टिकटमध्ये सेनेटर जो लीबरमन इराक युद्धाच्या पाठिंब्यामुळे प्रायमरी हरले, अपक्ष उभे राहिले आणि आपल्याच पक्षाच्या नेड लॅमाँट यांना पाडून पुन्हा सेनेटवर गेले. २०२१ला बफेलोत इंडिया वॉल्टन ह्या परिचारिकेनं महापौरपदाची प्रायमरी जिंकली. हरलेले महापौर बायरन ब्राउन यांनी लोकांकडून मतपत्रिकेवर आपलं नाव लिहवून घेऊन त्यांना हरवलं. २०२५ला न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी यांनी जूनमध्ये महापौरपदाची प्रायमरी स्पष्टपणे जिंकली, तरी हरलेले अँड्र्यू क्युओमो अपक्ष लढले. त्याच शहरातले, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहातले पक्षनेते हकीम जेफ्रीज यांनी पाठिंबा दिला मुदतपूर्व मतदान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, आणि सेनेटमधले पक्षनेते चक शूमर यांनी तर दिलाच नाही. वर्षानुवर्षं आम्हाला 'पक्षाचा उमेदवार तो आपला उमेदवार' हे शिकवणारी हीच मंडळी. ममदानी जिंकले म्हणून हे विसरायचं नाही. ज्यांनी निकाल पाळायचा कायदा आमच्यासाठी केला, त्यांनी तो आधी स्वतः पाळून दाखवावा. नाहीतर विशीतल्या पोरांना एकजूट म्हणजे फक्त आपल्यासाठीच केलेला नियम वाटेल, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

सुरक्षित मतदारसंघात मात्र माझं म्हणणं बरंच सैल होतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ला डेट्रॉइट आणि परिसराच्या १३व्या मतदारसंघातून काँग्रेसवर गेले, तेव्हा आमच्या मराठी मंडळींत केवढा आनंद झाला होता! मलाही झाला. पण त्या प्रायमरीत नऊ नावं होती, आणि ते जिंकले सुमारे २८ टक्क्यांवर. जवळपास पाऊणशे टक्के मतदारांची पसंती दुसरीकडे होती, आणि जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदाच डेट्रॉइटचा एकही काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. तिथल्या एखाद्या आजीनं त्या नोव्हेंबरात तो रकाना कोरा ठेवला असेल तर मी तिला काही म्हणणार नाही. जागा जाणारच नव्हती. नोव्हेंबरात पक्षाला तिथं सत्तर टक्क्यांहून जास्त मतं पडली. तिचं दुःख प्रायमरीच्या रचनेत आहे. मेन, अलास्का, न्यूयॉर्क शहर इथं जसा पसंतीक्रम देता येतो तसा मिशिगनमध्ये देता आला असता, तर निदान तिची दुसरी, तिसरी पसंती मोजली गेली असती. नऊ जणांत मतं फुटली की निराशा बहुमताची होते, आणि बहुमताला एकजुटीचा उपदेश करणं मला तरी जमत नाही.

परवा मैत्रिणीच्या लेकीचा फोन आला होता. आता नोकरी करते, शहरातच राहते. पक्षावर अजून चिडलेली आहे. मी तिला प्रीसिंक्ट डेलिगेट ह्या पदाबद्दल सांगितलं. सम वर्षातल्या ऑगस्टच्या प्रायमरीत मतपत्रिकेच्या अगदी तळाशी हे नाव असतं, बहुतेक जण तिथवर वाचतच नाहीत. आपल्या मतदान केंद्रापुरता पक्षाचा माणूस. पगार नाही, मान नाही, पण काउंटीच्या पक्ष-अधिवेशनात मत असतं. कितीतरी ठिकाणी ह्या जागांना उमेदवारच मिळत नाही. आणि मिशिगनमध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल, निवडणुका सांभाळणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, ह्यांचे पक्षाचे उमेदवार प्रायमरीत ठरत नाहीत, पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. तिला हे ठाऊक नव्हतं. उभं राहायला काय लागतं म्हणून तिनं विचारलं. प्रतिज्ञापत्र भरायचं आणि काउंटी क्लर्ककडे मुदतीत नेऊन द्यायचं, एवढंच. कागद कुठं मिळतो ते मी तिला लगेच पाठवलं.